तोलून धरणे आणि धरून ठेवणे : ध्वनीने पदार्थ हाताळण्याविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

१

मराठीतील शास्त्रीय गद्याची चिकित्सा बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच संपते. अमुक संज्ञेला योजलेला संस्कृत प्रतिशब्द योग्य की अयोग्य, तो उच्चारावयास सुकर की दुष्कर, त्याऐवजी मूळ परभाषीय शब्दच का ठेवू नये, हे प्रश्न दाते आणि कर्वे यांच्या १९४८ च्या 'शास्त्रीय परिभाषा कोशा'च्या काळीही होते आणि आजही आहेत. त्या चर्चेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक उणीव राहून गेली आहे. संज्ञा ही नामे असतात आणि शास्त्र मात्र मुख्यतः घडण्याचे, म्हणजे क्रियेचे, वर्णन करीत असते. नाम अपरिचित असेल तर वाचक अडखळतो आणि कोश उघडतो. क्रियापद चुकीचे असेल तर तो मुळीच अडखळत नाही. सरळ वाचीत जातो आणि भलताच अर्थ घेऊन उठतो. तेव्हा शास्त्रीय गद्यात अधिक जपावयाचे ते क्रियापदाला, हा मुद्दा एका मर्यादित विषयाच्या आधारे तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

तो विषय म्हणजे ध्वनीच्या बळाने पदार्थाचा लहानसा अंश, बहुधा द्रवाचा थेंब, कोणत्याही भांड्याच्या वा चिमट्याच्या स्पर्शाशिवाय एका जागी ठेवणे, त्याला फिरविणे, हलविणे, आणि ही सर्व कामे विशेषतः पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात करणे. या विषयावर मराठीत लिहावयास बसणाऱ्याच्या लेखणीतून पुढील धाटणीचे वाक्य सहज उतरते : 'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे ध्वनिलहरींच्या साहाय्याने वस्तू अधांतरी तरंगत ठेवता येतात.' हे वाक्य कोणा एका लेखकाचे नव्हे. नमुन्यादाखल येथे रचलेले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, वाचावयास सुबोध आहे, आणि त्यात एकही दुर्बोध संज्ञा नाही. असे असूनही त्यातील जवळजवळ प्रत्येक पद वाचकाला विषयापासून दूर नेते. ते कसे, हे पदशः पाहावयाचे आहे.

२

त्यापूर्वी थेंबाला भांड्यापासून सोडवावयाचे तरी कशाला, हा प्रश्न निकालात काढला पाहिजे. द्रव पदार्थ भांड्यात ठेवला की भांड्याची भिंत त्याच्या स्वभावात ढवळाढवळ करते. तापलेला द्रव भिंतीतील द्रव्य स्वतःत ओढून घेतो. थंड होणाऱ्या द्रवात स्फटिकाची पहिली कणी बहुधा भिंतीवरील एखाद्या खरबरीत जागी धरते. पृष्ठताणाने द्रवाला जो आकार सहज यावयाचा तो भिंत येऊ देत नाही. तेव्हा द्रवाचे स्वतःचे असे काय आणि भांड्याकडून आलेले काय, हे वेगळे काढावयाचे तर भांडे काढून टाकणे हाच मार्ग उरतो.

सोलापूरच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यावर २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांतील थेंबांचे आणि ढगांत बीज पेरण्याच्या परिणामांचे विमानातून व रडारच्या साहाय्याने निरीक्षण केले. ढगातला थेंब हा भिंत नसलेला थेंब होय. तो कसा वाढतो, कसा फुटतो, केव्हा गोठतो, हे प्रयोगशाळेत पाहावयाचे तर त्याला भांड्यात ठेवून चालत नाही. याच संस्थेत ए. के. कामरा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकापासून एका उभ्या वातबोगद्यात पाण्याचे थेंब वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर तोलून धरून त्यांचा अभ्यास केला. थेंब खाली पडू पाहतो आणि वारा त्याला तेवढ्याच बळाने वर रेटतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने थेंब जागच्या जागी राहतो. महाराष्ट्रात या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण हेच म्हणता येईल. वाऱ्याच्या जागी ध्वनी आणला आणि पुण्याच्या जागी पृथ्वीभोवतीची कक्षा आणली, की प्रस्तुत विषय तयार होतो. परंतु या दोन अदलाबदलींपैकी दुसरी करताच 'तोलून धरणे' या शब्दप्रयोगातला 'तोल' नाहीसा होतो. नेमकी हीच गोष्ट मराठी वर्णनातून निसटते.

३

नमुना-वाक्यातील पहिले पद 'गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे' हे आहे. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, जेथे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरते, तेथे पृथ्वीचे आकर्षण भूपृष्ठावरील आकर्षणाच्या जवळजवळ नऊ-दशांश इतके शिल्लक असते. ते नसते तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. सरळ रेषेत निघून गेले असते. यानातील मनुष्य, हवा आणि थेंब हे सगळे यानाबरोबर सारखेच पडत असतात, म्हणून कोणाचेही वजन कोणावर पडत नाही. शालेय पुस्तकांत 'मुक्त पतन' आणि 'वजनरहित अवस्था' अशा ज्या संज्ञा आहेत त्या या दृष्टीने चोख आहेत, कारण त्या पडण्याबद्दल आणि वजनाबद्दल बोलतात, आकर्षणाबद्दल नव्हे. त्यांना बाजूस सारून वृत्तपत्री गद्याने 'शून्य गुरुत्वाकर्षण' पत्करले ही दुर्दैवाची गोष्ट होय.

'सूक्ष्मगुरुत्व' हा शब्दही या दोषातून पूर्णपणे सुटत नाही. मूळ इंग्रजी संज्ञेतील उपपद परिमाणवाचक आहे. यानात उरणारे त्वरण भूपृष्ठावरील त्वरणाच्या स्थूलमानाने दहा लक्षांशाइतके असू शकते, असा त्यातला संकेत आहे. मराठी 'सूक्ष्म' हा शब्द मात्र परिमाण सांगत नाही. तो बारीक, तरल, इंद्रियांना सहजी न कळणारे असा गुण सांगतो, आणि अध्यात्माच्या परिसरात त्याला आणखीही छटा आहेत. संज्ञा रूढ झाली आहे, ती बदलण्याचा आग्रह व्यर्थ ठरेल. परंतु पहिल्या वापराच्या वेळी तिचा अर्थ एका वाक्यात सांगणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

यापेक्षा गंभीर दोष 'मुळे' या शब्दयोगी अव्ययात आहे. गुरुत्वाकर्षण नाही म्हणून ध्वनीने वस्तू ठेवता येतात, असा कार्यकारणभाव ते सुचविते. सावध विद्यार्थी येथे विचारील की, वजनच नसेल तर वस्तू आपोआप राहीलच, मग ध्वनी हवा कशाला? या प्रश्नाचे उत्तर वाक्यात नाही. खरी स्थिती अशी की, वजन नसलेली वस्तू पडत नाही, पण ती जागेवर राहतही नाही. यंत्रांच्या थरथरीने, माणसांच्या हालचालीने, हवेच्या मंद प्रवाहाने ती सरकत जाते आणि शेवटी भिंतीला लागते. तेव्हा तिला उचलावयाचे नसते, आवरावयाचे असते. आणि आवरण्यास फार थोडे बळ पुरते. वजन गेल्याने ध्वनी शक्य होतो असे नव्हे. वजन गेल्याने अतिशय हलका ध्वनी पुरेसा होतो, असा तो संबंध आहे.

४

आता 'ध्वनी' हे पद घ्यावयाचे. भाषेच्या अभ्यासकाला हा शब्द जन्माचा परिचित आहे, आणि तीच अडचण होय. पतंजलीच्या महाभाष्यात स्फोट आणि ध्वनी असा जो भेद येतो, त्यात ध्वनी हा कानाला प्रतीत होणारा अंश आहे. पुढे नवव्या शतकात आनंदवर्धनाने हाच शब्द काव्यातील सूचित अर्थाला लावला, म्हणजे कानाने न ऐकता मनाने जाणावयाच्या गोष्टीला. मराठी वाचकाच्या मनात 'ध्वनी' आणि त्याहूनही 'नाद' या शब्दांभोवती श्रवण, संगीत, मंत्र आणि व्यंजना यांचे दाट वलय आहे. भौतिकशास्त्राचा ध्वनी मात्र माध्यमातील दाबाचा चढउतार एवढाच असतो. तो ऐकणारा कोणी असो वा नसो.

भूमीवरील प्रयोगांत थेंब धरणारा ध्वनी बहुधा ऐकू येत नाही. त्याची वारंवारता सेकंदाला २०,००० हून अधिक असते. ४०,००० ही नेहमी योजली जाणारी संख्या आहे. अशा ध्वनीला पाठ्यपुस्तके 'श्राव्यातीत' म्हणतात आणि ती संज्ञा उत्तम आहे. परंतु तिच्या शेजारीच 'स्वनातीत' ही संज्ञा उभी आहे. ती ध्वनीहून अधिक वेगाला लावतात. पहिली ऐकण्याच्या मर्यादेविषयी, दुसरी वेगाच्या मर्यादेविषयी. दोहोंत उत्तरपद तेच, त्यामुळे गोंधळ स्वाभाविक ठरतो. इंग्रजीतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगवाचक आजचा शब्द ऐकू न येणाऱ्या ध्वनीलाच लावीत असत, हे लक्षात घेता मराठीला विशेष दोष देण्याचे कारण नाही. त्यात भर म्हणून मराठी विश्वकोश 'कंप्रता' लिहितो आणि शालेय पुस्तके 'वारंवारता' लिहितात. एकाच राशीची ही दोन नावे विद्यार्थ्याला दोन राशी भासण्याचा संभव असतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, ध्वनीने थेंब धरण्यासाठी ध्वनी श्राव्यातीत असलाच पाहिजे असा नियम नाही. भूमीवर वजन तोलावयाचे असते. त्यासाठी तीव्र ध्वनी आणि आखूड तरंगलांबी उपकारक ठरते. ४०,००० वारंवारतेच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ८.६ मिलिमीटर असते आणि धरावयाचा थेंब तिच्या निम्म्याहून लहान असावा लागतो. कक्षेत वजनाचा प्रश्न नसल्याने लांब तरंग चालतो. दहा-बारा सेंटिमीटर रुंदीच्या कोठडीत अर्धी तरंगलांबी बसवावयाची तर वारंवारता सुमारे दीड हजार येते, आणि तो स्वर कोणालाही ऐकू येईल. याचा लाभ असा की, भूमीवर काही मिलिमीटरांच्या थेंबावर समाधान मानावे लागते, तर कक्षेत काही सेंटिमीटर व्यासाचा थेंब धरता येतो. जो लेखक प्रारंभीच 'श्राव्यातीत ध्वनीने' असे लिहून मोकळा होतो तो अंतराळात जाण्याचे हे मुख्य कारणच झाकून टाकतो.

ध्वनीला माध्यम लागते, हीही गोष्ट वाक्यात यावयास हवी. नुसते 'अंतराळात' म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे बाहेरची पोकळी येते, आणि पोकळीत ध्वनी नसतो हे तो शाळेतच शिकलेला असतो. सगळा प्रयोग यानाच्या आत, वायूने भरलेल्या कोठडीत होतो, हे सांगितल्यावाचून विसंगती मिटत नाही.

५

'तरंगत ठेवता येतात' हे क्रियापद या चिकित्सेचे मुख्य स्थान होय. मराठीत 'तरंग' म्हणजे लाट आणि 'तरंगणे' म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावर वा हवेत न बुडता राहणे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. त्यामुळे 'ध्वनितरंगांवर थेंब तरंगतो' हे वाक्य मराठी कानाला इतके जुळलेले, इतके आपोआप सिद्ध वाटते की, त्याचा खरेखोटेपणा तपासावा असे मनातच येत नाही. लाटेवर होडी तशी ध्वनीवर वस्तू, असे चित्र शब्दसाम्यानेच उभे राहते.

हे साम्य केवळ भाषेचे आहे, वस्तूचे नाही, याचा दाखला दूर शोधावयास नको. सोलापुरात मराठीच्या शेजारी कन्नड आणि तेलुगू या भाषा पिढ्यानुपिढ्या बोलल्या जातात. या दोन्ही भाषांत तरंगण्याला 'तेलु' हा धातू आहे. लाटेला कन्नडमध्ये 'अले' आणि तेलुगूमध्ये 'अल' म्हणतात. त्या शब्दांत परस्परांचा मागमूस नाही. घरी कन्नड वा तेलुगू बोलणारा आणि शाळेत मराठीतून शिकणारा सोलापूरचा विद्यार्थी त्यामुळे या मोहापासून काहीसा सुरक्षित असतो, असे मानावयास जागा आहे. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला मात्र शिक्षकानेच सावध केले पाहिजे. बहुभाषिक वर्गातील भाषाभेद हा नेहमी अडथळाच असतो असे नाही; कधीकधी तो कल्पनेच्या शुद्धीचे साधन होतो.

मग वस्तुस्थिती काय आहे? एका बाजूने ध्वनी सोडला आणि समोरून तो परत फिरविला, की दोन तरंग एकमेकांत मिसळून 'स्थिर तरंग' तयार होतो. त्यात दाबाचा चढउतार काही ठिकाणी सर्वांत अधिक आणि काही ठिकाणी जवळजवळ शून्य असतो. अशी शून्यस्थाने अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर येतात. थेंबावर दाब क्षणोक्षणी उलटसुलट पडतो. त्यातील बहुतेक भाग परस्परांना खोडून काढतो, पण अल्पसा भाग उरतो, आणि तो उरलेला भाग थेंबाला दाबाच्या शून्यस्थानाकडे ढकलीत राहतो. एका बाजूस सरकला तर तिकडून, दुसऱ्या बाजूस सरकला तर दुसरीकडून. लाटेवर आरूढ होण्याचे येथे काहीच नाही; दोन बाजूंनी कोंडले जाणे आहे.

शाळेत 'तरंगणे' हा शब्द आर्किमिडीजच्या नियमाशी आणि 'प्लावक बला'शी जोडलेला असतो : ज्याची घनता द्रवाहून कमी तो तरंगतो, अधिक तो बुडतो. पाण्याचा थेंब हवेहून सुमारे आठशेपट घन असतो. तो हवेत 'तरंगतो' असे सांगितल्याबरोबर शिकविलेला नियम मोडल्यासारखे दिसते, आणि विद्यार्थी एकतर नियमावर अविश्वास दाखवितो किंवा प्रयोगाला चमत्कार समजतो. दोन्ही परिणाम अनिष्ट आहेत.

'निस्पंद' या संज्ञेतही असाच एक सापळा आहे. स्थिर तरंगातील शून्यस्थानाला निस्पंद म्हणतात; शब्दाचा अर्थ स्पंदन नसलेले असा. तेव्हा 'थेंब निस्पंदापाशी राहतो' असे वाचून वाचक समजतो की, तेथील हवा निश्चल असल्यामुळे थेंब शांत बसतो. प्रत्यक्षात जेथे दाब बदलत नाही तेथेच हवेचे कण सर्वांत अधिक हेलकावत असतात, आणि जेथे कण स्थिर तेथे दाबाचा चढउतार सर्वांत अधिक असतो. दाबाचा निस्पंद हा विस्थापनाचा प्रस्पंद होय. वायूत धरलेला थेंब दाबाच्या निस्पंदापाशी, म्हणजे हवेच्या सर्वांत मोठ्या हेलकाव्यात, राहतो. याकरिता नुसते 'निस्पंद' न लिहिता 'दाब-निस्पंद' किंवा 'विस्थापन-निस्पंद' असे लिहिण्याचा दंडक पाळला पाहिजे. एका जोडशब्दाने येथे संपूर्ण यंत्रणा उलटी होण्याचे टळते.

६

'तरंगणे' टाकले तर त्याच्या जागी काय घ्यावयाचे? इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून 'उत्तोलन', 'उत्थापन', 'प्लवन' असे पर्याय सुचतात. परंतु मूळ संज्ञाच या विषयाला नेटकी बसत नाही. ती लॅटिनमधील 'हलका' या अर्थाच्या शब्दापासून निघाली; एकोणिसाव्या शतकात परलोकविद्येच्या बैठकांनी तिला माणसे व मेजे अधांतरी उचलली गेल्याच्या कथांशी जोडले. 'उत्तोलन' हा शब्द 'तुल्' या तोलण्याच्या धातूपासून झालेला आहे. जेथे तोलावयाला वजनच नाही तेथे उत्तोलन कशाचे? परभाषेतील संज्ञेचे भाषांतर करताना तिच्यातील दोषांचेही भाषांतर होते, हा अनुभव मराठी परिभाषेला नवा नाही.

नवा शब्द घडविण्यापूर्वी घरातले धन पाहावे हे बरे. मराठीत 'तोलून धरणे' आणि 'धरून ठेवणे' हे दोन भिन्न प्रयोग आहेत आणि कोणीही मराठी भाषक त्यांत घोटाळा करीत नाही. डोक्यावरची घागर तोलून धरतात. रांगते मूल उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून धरून ठेवतात. पहिल्यात वजनाशी झुंज आहे, दुसऱ्यात भरकटण्याला आवर आहे. भूमीवरील यंत्रात ध्वनी थेंबाला तोलून धरतो. कक्षेतील यंत्रात तो थेंबाला धरून ठेवतो. भूमीवर थेंब दाब-निस्पंदाच्या किंचित खाली राहतो, कारण वजन त्याला खाली ओढीत असते. कक्षेत तो थेट निस्पंदावर येतो. मराठीने सहजगत्या राखलेला हा भेद इंग्रजी संज्ञेत नाही. सूचीसाठी नामच हवे असेल तर 'ध्वनिधारण' हे पुरेसे आहे. 'धारण' या शब्दात उचलणे गृहीत धरलेले नाही.

हा भेद शब्दच्छल नव्हे, हे या विषयाच्या इतिहासावरून दिसून येईल. फिरणाऱ्या द्रवगोलाचे आकार कसे बदलतात हा जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात प्लातो याने मद्यार्क व पाणी यांच्या मिश्रणात तेलाचा गोळा फिरवून तो पाहिला. १९६५ मध्ये सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी फिरणाऱ्या द्रवथेंबाच्या स्थैर्याचे गणित मांडले. थेंब प्रथम चपटा होतो आणि एका ठराविक वेगानंतर चकतीचा आकार सोडून दोन टोकांना फुगीर असा लांबट होतो, हे सिद्धान्ताचे भाकीत होते. ते तपासण्यासाठी मोठा, मोकळा, कशालाही न लागलेला आणि तरीही हवा तसा फिरविता येणारा थेंब हवा होता. २९ एप्रिल १९८५ रोजी निघालेल्या चॅलेंजर यानातून टेलर वांग हे शास्त्रज्ञ स्वतःच आपले यंत्र घेऊन गेले. यंत्र प्रारंभीच बिघडले; ते त्यांनी कक्षेतच खटपट करून दुरुस्त केले. कोठडीच्या परस्परांना काटकोनात असलेल्या बाजूंनी ध्वनी सोडून थेंब मध्ये धरला आणि दोन ध्वनींच्या कलांत अंतर ठेवून त्याला फिरविले. थेंब भाकिताप्रमाणे चपटा झाला, मग लांबट झाला. परंतु आकार बदलण्याचा क्षण सिद्धान्ताने सांगितल्यापेक्षा आधी आला.

सिद्धान्त चुकला होता काय? १९९२ मध्ये कोलंबिया यानातून यूजीन ट्रिन गेले, तेव्हा सुधारलेल्या यंत्राने हा प्रयोग पुन्हा करण्यात आला. निष्कर्ष असा निघाला की, धरणाऱ्या ध्वनीनेच थेंब फिरण्याआधी किंचित चपटा होत होता; पकड हलकी ठेवून थेंब गोल राखला असता सिद्धान्त आणि प्रयोग जुळले. चपटेपणाचे कारण वर आलेच आहे. थेंबाच्या कमरेभोवती हवा वेगाने हेलकावते आणि तेथे सरासरी दाब कमी होतो. दोन्ही ध्रुवांकडून मात्र तो दाबला जातो.

या प्रकरणाचा मराठी गद्याशी संबंध असा : 'स्पर्शाविना' हा शब्द या विषयावरील प्रत्येक लेखात येतो आणि तो 'परिणामाविना' अशा अर्थाने वाचला जातो. ध्वनी स्पर्श करीत नाही असे म्हणणेही तपासून पाहण्यासारखे आहे. भांडे नाही, चिमटा नाही, हे खरे. पण हवा आहे आणि हवाच थेंबाला दाबते आहे. 'अधांतरी' हा शब्द तर सर्वथा अयोग्य होय. त्रिशंकू अधांतरी असतो, कारण त्याला ना वरचा आधार ना खालचा. ध्वनीने धरलेल्या थेंबाला आधार सर्व बाजूंनी आहे. जे धरते ते धरलेल्याला थोडे बदलते, हे सांगणारे क्रियापद 'धरणे' हेच आहे. 'तरंगणे' आणि 'अधांतरी असणे' ही दोन्ही ते सत्य लपवितात. भूमीवर तोलून धरण्यासाठी १५० ते १६५ डेसिबेल इतका तीव्र ध्वनी लागतो आणि थेंब ठळकपणे चपटा होतो. कक्षेत धरून ठेवण्यास त्याहून कितीतरी मंद ध्वनी पुरतो आणि थेंब जवळजवळ गोल राहतो. यानातून थेंब नेण्याचा खटाटोप ज्यासाठी करावयाचा ते हेच.

७

शब्दांची ढिलाई केवळ परीक्षेतील गुणांपुरती असती तर तिच्यावर इतका विचार खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु 'नादाने वस्तू अधांतरी तरंगतात' हे वाक्य एकदा शास्त्राच्या नावाने रूढ झाले, की नादाच्या बळावर प्राचीनांनी शिळा हलविल्या असे सांगणाऱ्या व्याख्यात्याला आयताच आधार मिळतो. त्याचे म्हणणे शास्त्राच्या विरोधात दिसत नाही, कारण शास्त्र ज्या शब्दांत सांगितले गेले तेच शब्द तो वापरतो. येथे योग्य शब्दच उत्तर देऊ शकतात. धरावयाची वस्तू अर्ध्या तरंगलांबीहून लहान असावी लागते; एक मीटरच्या शिळेसाठी दोन मीटरहून लांब तरंग, म्हणजे सेकंदाला सुमारे १७० हून कमी वारंवारतेचा ध्वनी लागेल. तो ऐकू येईल, आणि दगडाचे वजन तोलण्याइतका तीव्र असल्याने वेदनेची मर्यादा फार मागे टाकील. तेथे उभा राहून कोणालाही मंत्र म्हणता येणार नाही.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. ध्वनीने सर्व पदार्थ हाताळता येतात असे नाही. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग बदलतो, त्यामुळे कोठडीचा जुळलेला स्वर बिघडतो. पोकळीत तर ही युक्ती चालतच नाही. म्हणून अंतराळ स्थानकावर वितळलेल्या धातूंसाठी विद्युत्-चुंबकीय आणि विद्युत्-स्थितिक पकडीची यंत्रे बसविण्यात आली. भारताने १० जानेवारी २००७ रोजी सोडून २२ जानेवारीस बंगालच्या उपसागरातून परत मिळविलेल्या कुपीतही धातू वितळवून त्याचे स्फटिकीकरण पाहण्याचा प्रयोग होता. तो भट्टीतला होता, ध्वनीचा नव्हता. ध्वनीचे खरे क्षेत्र थेंबांचे आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत औषधी द्रावणाचे थेंब ध्वनीने तोलून धरून सुकविण्यात आले. भांड्याची भिंत नसल्याने स्फटिक न धरता औषध अस्फटिकी रूपात मिळविण्याची शक्यता तेथे तपासली गेली. २०१७ मध्ये मोटारी मागे घेताना अंतर दाखविणाऱ्या संवेदकांसारखे स्वस्त ७२ ध्वनिस्रोत जुळवून केलेल्या लहान यंत्राची रचना प्रसिद्ध झाली. असे यंत्र जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयालाही परवडण्यासारखे आहे. ते जेव्हा येईल तेव्हा त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला समोर काय चालले आहे ते कोणत्या मराठीत सांगितले जाईल, हा प्रश्न आजचा आहे.

८

यावर एक आक्षेप संभवतो. 'तरंगणे' हा जिवंत, सर्वांच्या तोंडचा शब्द आहे. थेंब डोळ्यांना तरंगतानाच दिसतो. मग पंडितांनी तो हिरावून का घ्यावा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर असे की, शब्द हिरावून घ्यावयाचा नसून त्याचे क्षेत्र आखून द्यावयाचे आहे. जे दिसते त्याचे वर्णन करताना थेंब तरंगताना दिसतो असे खुशाल लिहावे. जे घडते त्याचे वर्णन करताना मात्र कर्ता थेंब नसून ध्वनी असावा आणि क्रियापद धरण्याचे असावे. मराठी वाक्यरचनेत 'थेंब तरंगतो' हे वाक्य अकर्मक आहे. त्यात काम करणारे कोणी नाही, म्हणून ते चमत्काराकडे झुकते. 'ध्वनी थेंबाला धरतो' हे वाक्य सकर्मक आहे. ते ऐकताच कसा धरतो, कोठे धरतो, किती बळाने धरतो, असे प्रश्न आपोआप निघतात. शास्त्रीय गद्याकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही.

या विवेचनाच्या अनुरोधाने आरंभीचे वाक्य पुढीलप्रमाणे लिहिता येईल : 'पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात थेंबाला वजन जाणवत नाही, पण तो जागेवर राहतही नाही, म्हणून वायूने भरलेल्या कोठडीत ध्वनीचा स्थिर तरंग निर्माण करून, भिंतीला लागू न देता, त्याला दाब-निस्पंदापाशी धरून ठेवतात.' हे वाक्य मूळ वाक्याच्या दुपटीहून लांब आहे, आणि तितके गोडही नाही. परंतु त्यातील एकही संज्ञा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची नाही, आणि ते वाचून निघालेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात सापडते. मूळ वाक्यातून निघणारे प्रश्न शास्त्रापर्यंत पोहोचतच नव्हते. मराठीतून विज्ञान शिकविता येते की नाही हा वाद बहुधा संज्ञांच्या नावाने घातला जातो. त्याचा निकाल मात्र पुष्कळदा क्रियापदांपाशी लागतो, आणि ती क्रियापदे मराठीपाशी पूर्वीपासूनच आहेत.